मैदानावरचं मन (लेखांक ७) : जाळीपुढची धडधड

गेल्या आठवड्यात आपण कबड्डीतल्या शेवटच्या चढाईबद्दल बोललो. तिथे चढाईला जाणाऱ्याला निदान हातपाय हलवायला मिळतात. लॅक्रॉसच्या गोलरक्षकाला तेही सुख नाही. शिट्टी वाजते, बाकीचे धावत सुटतात आणि हा जाळीपुढे उभा राहून चेंडू आपल्याकडे येण्याची वाट बघतो. पोरसवदा गोलरक्षकाच्या छातीत बाकबूक सुरू होते ती या रिकाम्या वेळात.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, पण त्याचा मुंबईशी एक ताजा धागा आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं तिथे ठरलं, आणि त्याच बैठकीत लॅक्रॉसलाही जागा मिळाली. याआधी लॅक्रॉस पदकासाठी खेळलं गेलं होतं ते १९०८ साली, लंडनला. आपल्या वर्तमानपत्रांत बातमी अर्थातच क्रिकेटची झाली.

खेळ मुळात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांचा, त्यातही हौदेनोसौनींना तो फार जवळचा. लांब दांडा, त्याच्या टोकाला जाळीची झोळी. तिच्यात चेंडू झेलायचा, तिच्यातूनच फेकायचा. १८६७च्या सुमारास माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी त्याचे नियम लिहून काढले. कातड्याचा जुना चेंडू जाऊन टणक रबरी चेंडू आला, तोही त्यांच्याच पुढाकाराने. बिअर्स स्वतः गोलरक्षक होते आणि पेशाने दातांचे डॉक्टर. पुढचं वाचकांनी जुळवून घ्यावं.

तो रबरी चेंडू साधारण १४५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडाच हलका. गोल सहा फूट रुंद, सहा फूट उंच. शाळेच्या वरच्या वर्गातला चांगला खेळाडू ताशी १२० किलोमीटरच्या आसपास फटका मारतो. नऊ मीटरवरून तसा चेंडू सुटला तर जाळीपर्यंत यायला पाव सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच त्यातला बराचसा वेळ जातो. तेव्हा तेरा वर्षांचं पोर घाबरलं तर त्याला भित्रं म्हणण्यात काही अर्थ नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे.

शरीर काय करतं ते आपण पहिल्या लेखात पाहिलं आहे: अ‍ॅड्रेनलिन वाढतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, पोटात गोळा येतो, तळहात गार पडतात, सारखं लघवीला जावंसं वाटतं. गोलरक्षकाचं खरं नुकसान मात्र दुसरीकडेच होतं. एक, वरचा हात दांड्यावर आवळला जातो. मूठ आवळली की मनगट अडकतं आणि दांडा उशिरा हलतो. दुसरं, नजर भरकटते. बघायचा असतो फेकणाऱ्याच्या झोळीतला चेंडू, आणि घाबरलेला मुलगा बघत बसतो अंगावर येणारा माणूस.

यावर ‘शांत हो’ हा सल्ला सगळे देतात आणि तो जवळजवळ निरुपयोगी आहे. धडधडणाऱ्या छातीला आज्ञा देऊन शांत करता येत नाही. २०१४ साली हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. गाण्याआधी, भाषणाआधी, गणिताच्या परीक्षेआधी काहींना स्वतःला ‘मी उत्साहात आहे’ असं सांगायला लावलं, तर काहींना शांत राहण्याचा प्रयत्न करायला लावला. पहिल्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड तीच, फक्त तिचा अर्थ बदलला. आइस हॉकीचे गोलरक्षक ग्लेन हॉल सामन्याआधी नेमाने ओकत, आणि तरीही ते तोंडावर मुखवटा न लावता सलग ५०२ सामने पूर्ण खेळले. त्यांची भीती गेली नव्हती. तिला सोबत घेऊनच ते जाळीपुढे जात.

माझ्या मते नवख्या गोलरक्षकाची निम्मी धास्ती चुकीच्या आकड्यातून येते. आपल्या मनात गोलची किंमत फुटबॉलची असते. तिथे एक गोल खाल्ला की सामना हातचा जाऊ शकतो. लॅक्रॉसमध्ये एकेक संघ सहज दहा-बारा गोल करतो. जाळीवर आलेल्या शंभर फटक्यांपैकी पन्नास-पंचावन्न अडवणारा गोलरक्षक चांगला समजला जातो. म्हणजे चांगल्यातला चांगलाही जवळजवळ निम्मे चेंडू जाळीतून उचलून बाहेर देतो. हे पोराला सामन्याआधी कुणी सांगतच नाही. ते बिचारं मनात शून्याची अपेक्षा घेऊन उभं राहतं आणि तिसऱ्या मिनिटाला पहिला गोल झाला की आतून कोसळतं.

आता सराव. सामन्याआधीचा वॉर्म-अप गोलरक्षकाची परीक्षा घेण्यासाठी नसतो, पण संघातली दांडगी पोरं नेमकं तेच करतात: मोकळी जाळी दिसली की सुटतात दणके मारत. जाणता प्रशिक्षक त्यांना बाजूला पिटाळतो आणि चेंडूंची बादली घेऊन स्वतः दहा-बारा पावलांवर उभा राहतो. पहिले चेंडू हळू, दांड्याच्या बाजूच्या खांद्याकडे. पोराने एक पाऊल चेंडूच्या दिशेने टाकायचं, वरचा हात पुढे न्यायचा. झोळीत चेंडू बसल्याचा तो बुटका, भरीव आवाज यायला लागला की मूठ आपोआप सैल होते. मग दुसरा खांदा, मग कंबर, मग पाय, शेवटी टप्प्याचे चेंडू. वेग हळूहळू वाढवायचा आणि थांबायचं ते अडवलेल्या चेंडूवर. मधल्या वेळात चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.

एक गोष्ट मात्र आधी ओळखायला हवी. ‘मला टेन्शन येतं’ म्हणणारं मूल कधीकधी सामन्याला भीत नसतं, चेंडू लागेल म्हणून भीत असतं. त्याला समजावून उपयोग नाही. त्याला आठवडाभर टेनिसच्या चेंडूंवर सराव द्या. अंगावर आलेला चेंडू बघताना पापणी मिटेनाशी झाली की रबरी चेंडूकडे परत या. छातीचं आणि गळ्याचं कवच नीट बसतंय ना, तेही बघा; सैल कवचात धीर टिकत नाही.

सामना सुरू झाला की उत्तम औषध म्हणजे आवाज. चेंडू कुठे आहे हे बचावपटूंना सतत ओरडून सांगणं हे गोलरक्षकाचं कामच आहे: डावीकडे, मधे, उजवीकडे, जाळीमागे. ओरडायचं तर श्वास सोडावाच लागतो, आणि सांगायचं तर चेंडूकडे बघावंच लागतं. नजर आणि श्वास असे दोन्ही ताळ्यावर येतात. म्हणून लाजाळू मुलांना मी आधी ओरडायला शिकवा म्हणतो, अडवायला नंतर.

आणि चेंडू अडवल्यावर? तिथे धांदल पुन्हा डोकं वर काढते. मुलांच्या खेळात चेंडू घेऊन जाळीभोवतीच्या वर्तुळात थांबायला चारच सेकंद मिळतात, आणि घाबरलेला मुलगा पहिल्याच सेकंदाला चेंडू भिरकावून देतो, बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या झोळीत. ते चार सेकंदही सरावात मोजून घ्यावेत: आधी ‘क्लिअर’ अशी आरोळी, मग लांब पळणाऱ्याकडे नजर, मग दोन्ही कडांना; कुणीच मोकळं नसेल तर जाळीच्या मागून वळसा घालून स्वतःच चेंडू घेऊन बाहेर पडायचं.