गुलमर्गची लिफ्ट : नफा कुणाचा, खर्च कुणाचा?

थंडीचे दिवस आले की खांद्यावर शालींचे गाठोडे घेऊन फिरणारा काश्मिरी फेरीवाला आमच्या शहरांतून दिसू लागतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी त्याच्याशी भावावरून घासाघीस केली असेल. ज्या खोऱ्यातून तो येतो तिथे शेती, फळबागा आणि हस्तकला यांच्या जोडीला पोट भरण्याचे आणखी एक मोठे साधन आहे, ते म्हणजे पर्यटन. या पर्यटनाच्या धंद्यात गुलमर्ग येथे एक यंत्र उभे आहे. तारेवरून डबे ओढत माणसांना बर्फाच्या डोंगरावर पोहोचवणारी ही गोंडोला लिफ्ट. अशी यंत्रे आणखी उभारावीत, असलेली वाढवावीत, अशी मागणी बर्फाच्या खेळांची ठिकाणे असलेल्या प्रत्येक देशात होत असते. मागणी करणारे फायदा सांगतात, विरोध करणारे तोटा सांगतात. आम्हाला वाटते की व्यापाऱ्याने दोन्ही बाजू एकाच वहीत मांडून पाहाव्यात.

आधी यंत्र समजून घेऊ

माणसांना खुर्चीत बसवून बर्फाच्या डोंगरावर नेणारी पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे सुरू झाली. ती एका रेल्वे कंपनीच्या इंजिनिअरने बनवली. त्याने पूर्वी जहाजात केळीचे घड चढवणारे आकड्यांचे यंत्र पाहिले होते. आकड्याच्या जागी त्याने खुर्ची लावली आणि केळीच्या जागी माणूस बसवला. एका धंद्यातली युक्ती दुसऱ्या धंद्यात कशी कामास येते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

त्या खुर्च्या तारेला कायमच्या घट्ट बसवलेल्या असत. तार जोरात फिरवली तर माणसाला चढता-उतरता येत नाही, म्हणून वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटरच ठेवावा लागे. पुढे सुटणारी पकड आली. स्टेशनात शिरताच खुर्ची धावत्या तारेपासून सुटते, हळू होते, माणसे बसली की पुन्हा तार पकडते आणि दुप्पट वेगाने निघते. या पद्धतीची चार जणांची पहिली वेगवान चेअरलिफ्ट १९८१ साली कोलोरॅडोतील ब्रेकनरिज येथे बसली. गोंडोलाचे बंद डबेही याच तत्त्वावर चालतात.

इथे एक गोम आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे माणसेही दुप्पट जातात असे नाही. तासाला किती माणसे वर जातील हे एका खुर्चीत किती बसतात आणि तासाभरात किती खुर्च्या भरून सुटतात यावर ठरते. वेगवान लिफ्टमध्ये खुर्च्यांमधले अंतर जास्त ठेवतात. त्यामुळे प्रवासाचा वेळ निम्मा होतो, पण रांग तेवढ्याने निम्मी होत नाही. यंत्र विकणारा वेग दाखवतो, घेणाऱ्याने क्षमता विचारावी.

गुलमर्गची कहाणी

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ८,७०० फुटांवर आहे. इंग्रजांनी १९२७ साली येथे स्की क्लब स्थापन केला. गोंडोलाचे काम १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीच्या तंत्राने सुरू झाले. मग खोऱ्यातील परिस्थिती बिघडली आणि काम वर्षानुवर्षे अडून राहिले. गुलमर्ग ते कोंगडुरी हा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. कोंगडुरी सुमारे दहा हजार फुटांवर आहे. तेथून अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे तेरा हजार फुटांपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ साली खुला झाला. पुढे एक चेअरलिफ्टही आली.

पहिल्या टप्प्याने सहलीचे प्रवासी आणले. दुसऱ्या टप्प्याने वेगळेच गिऱ्हाईक आणले. अफरवटच्या उतारांवर पडणाऱ्या कोरड्या, भुसभुशीत बर्फाची कीर्ती पसरली आणि युरोप-ऑस्ट्रेलियाकडून स्की खेळणारे येऊ लागले. हा माणूस एका दिवसात परतत नाही. तो आठवडा-दोन आठवडे राहतो, वाटाड्या घेतो, सामान भाड्याने घेतो, दुरुस्त करून घेतो.

फायद्याची बाजू

लिफ्टचा पहिला फायदा तिकिटाचा. गुलमर्गची गोंडोला सरकारी महामंडळाच्या ताब्यात असल्याने हा पैसा सरकारी तिजोरीकडे जातो. दुसरा फायदा रोजगाराचा. लिफ्ट चालवणारे, तार तपासणारे, बर्फाच्या उतारांवर गस्त घालणारे, स्की शिकवणारे आणि वाटाडे अशी कामे लिफ्टमुळे वाढली. हे कौशल्याचे काम आहे आणि ते बापाकडून मुलाकडे जाऊ शकते. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान. तो गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टंगमर्गचा. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान होते. दुकानदाराचा मुलगा ऑलिंपिकमध्ये देशाचा झेंडा घेऊन चालला, त्याची सुरुवात या दुकानातून आणि या उतारांवरून झाली.

तिसरा फायदा असा की गुलमर्गची लिफ्ट उन्हाळ्यातही चालते. युरोपातील कित्येक लिफ्टचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा असतो. गुलमर्गच्या डब्यात बसणारे बहुसंख्य लोक स्की खेळणारे नसून केवळ बर्फ पाहणारे असतात, आणि त्यांत महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबे पुष्कळ असतात. त्यामुळे यंत्र वर्षातले अधिक दिवस कमाई करते.

खर्चाची बाजू

आता वहीचे दुसरे पान. लिफ्टचा बहुतेक खर्च ठरलेला असतो. मनोरे, तार, मोटर, त्यांचे व्याज, तपासणी, विमा, पगार हे डबा भरला तरी लागते आणि रिकामा गेला तरी लागते. दुकानदार मंदीत माल कमी भरतो, पण लिफ्टवाल्याला अर्धी तार फिरवता येत नाही. म्हणून लिफ्ट वाढवणारा सतत गर्दी ओढण्याच्या मागे असतो.

गर्दीचा हिशेब सोपा आहे. गुलमर्गच्या पहिल्या टप्प्याची मूळ क्षमता तासाला सुमारे सहाशे माणसांची सांगितली जाते. आठ तास धरले तर दिवसाला ४,८०० माणसे होतात. समजा, एखाद्या दिवशी आठ हजार आली. ३,२०० माणसे राहिली. नवी लिफ्ट लावून ही रांग मिटवता येईल. पण मग तीच माणसे वरच्या टप्प्याच्या दारात उभी राहतील, शौचालयापुढे उभी राहतील आणि संध्याकाळी टंगमर्गच्या रस्त्यावर गाडीत अडकतील. अडचण नाहीशी होत नाही, ती पुढच्या वळणावर जाऊन बसते.

अमेरिकेत हाच वाद २०२२ साली पार्क सिटी या गावात झाला. तेथील मोठ्या कंपनीला दोन लिफ्ट काढून सहा आणि आठ माणसांच्या नव्या लिफ्ट बसवायच्या होत्या. चार रहिवाशांनी हरकत घेतली. गाड्या उभ्या करायला जागा नाही आणि डोंगरावर किती माणसे मावतात याचा हिशेब बरोबर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गावाच्या नियोजन मंडळाने त्यांचे म्हणणे मानून परवानगी मागे घेतली. कंपनीने त्या लिफ्ट कॅनडातील व्हिसलर येथे नेऊन उभारल्या. चार सामान्य माणसांनी कागद नीट वाचले म्हणून एवढे घडले, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

घोडेवाला आणि स्लेजवाला

गुलमर्गला लिफ्ट येण्याआधी वर जायचे तर पायी किंवा घोड्यावर. आजही घोडेवाले आहेत, लाकडी स्लेजवर प्रवाशाला बसवून बर्फातून ओढणारे आहेत, गमबूट आणि जाड कोट भाड्याने देणारे आहेत, कहवा विकणारे आहेत. लिफ्ट या सर्वांचे गिऱ्हाईक वाढवते, हे खरे. पण लिफ्टचे एकेक टोक जसे पुढे सरकते, तसा घोड्याचा एकेक रस्ता बंद होतो, हेही खरे. माथेरानला ई-रिक्षा आल्या तेव्हा तेथील घोडेवाल्यांनी जी काळजी बोलून दाखवली, तीच ही काळजी आहे.

शालीच्या आणि अक्रोडाच्या लाकडावर कोरीव काम करणाऱ्या कारागिरांचे गणित आणखी वेगळे. श्रीनगरहून सकाळी निघालेला प्रवासी लिफ्टच्या ठरलेल्या वेळेसाठी धावतो, वर जातो, फोटो काढतो आणि अंधार पडण्याआधी परततो. त्याच्या हातात शाल उलगडून पाहण्याएवढी सवड नसते. रात्र मुक्कामाला राहणारा प्रवासीच बाजारात फिरतो. म्हणून वर्षाला किती माणसे वर गेली याच्या इतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, किती माणसे रात्री राहिली?

बर्फाचा भरवसा

सर्वांत मोठी जोखीम आभाळाची आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार ऐन हंगामात जवळजवळ उघडे पडले होते. बर्फ फेब्रुवारीत आला. २०२५ साली बर्फ कमी म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. फ्रान्समध्ये सेयुझ येथील लिफ्ट २०१८ साली बर्फाअभावी बंद पडली, तर मेताबिएफ या ठिकाणाने आपला स्कीचा धंदा २०३० ते २०३५च्या दरम्यान संपेल असे गृहीत धरून आतापासून दुसऱ्या व्यवसायाची तयारी चालवली आहे. लिफ्टचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते. तेवढा काळ बर्फ टिकेल का, हे न विचारता कर्ज काढणे म्हणजे पावसाचा अंदाज न घेता पेरणी करण्यासारखे आहे.

बर्फाबरोबर शांतताही लागते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यात २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते आणि एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर सबंध खोऱ्यातील आरक्षणे रद्द झाली. ज्याच्याकडे एकच धंदा होता त्याचे घर बसले. ज्याच्याकडे बाग किंवा करघा होता तो कसाबसा तरला.

सात जिवांचा हिशेब

एक खर्च पैशात मांडता येत नाही. २५ जून २०१७, ईदचा आदला दिवस. जोराच्या वाऱ्याने एक मोठे झाड उन्मळून गोंडोलावर पडले. दिल्लीचे चार जणांचे कुटुंब आणि तीन स्थानिक वाटाडे, असे सात जण गेले. ते तीन वाटाडे ईदच्या खर्चासाठी कामावर आले असतील, अशी कल्पना करायलाही मन धजत नाही. लिफ्ट वाढवताना तारेजवळची झाडे, वारा मोजण्याची व्यवस्था, तार थांबल्यावर माणसांना उतरवणारे पथक आणि हिमस्खलनावर नजर ठेवणारी गस्त हा खर्च आधी धरला पाहिजे. उरला तर करू, असे म्हणण्याची ही बाब नव्हे.

आमचे मत

लिफ्ट नको, असे आम्ही म्हणत नाही. दुसरा टप्पा नसता तर गुलमर्गचे नाव जगाच्या स्कीच्या नकाशावर चढले नसते आणि शेकडो तरुणांना ते कौशल्य मिळाले नसते. पण यंत्र वाढवण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे मिळावीत. रस्ता, पाणी आणि मलनिस्सारण वाढत्या माणसांना पुरेल का? सुटकेची व्यवस्था क्षमतेबरोबर वाढेल का? ज्यांचा रस्ता बंद होतो त्या घोडेवाल्यांना नव्या कामात पहिला हक्क मिळेल का? आणि बर्फ न पडलेल्या वर्षी हे यंत्र काय कमावील?

आमच्या वाचकांपैकी जे कुटुंबासह गुलमर्गला जातील त्यांना एकच सांगणे आहे. लिफ्टचे तिकीट ऑनलाइन आधी काढा, आणि जमल्यास एक रात्र खाली मुक्काम करा. सकाळी बाजारात जाऊन शालवाल्याच्या दुकानात बसा, त्याला गाठोडे सोडू द्या. तारेवरून गेलेला पैसा वर जातो. दुकानात बसून दिलेला पैसा कारागिराच्या घरी जातो.