जपानमधील बालज्युदो आणि स्पर्धेचा प्रश्न

टोकियो : जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या वयाचे मूल ज्युदोच्या वर्गात दाखल झाले, की सुरुवातीचा बराच काळ ते कोणालाही पाडत नाही, ते पडायला शिकते. ‘उकेमी’ या नावाच्या या पाठात मूल उकिडवे बसते, पाठीला बाक देते, हनुवटी छातीला लावून नजर स्वतःच्या कमरपट्ट्याच्या गाठीवर ठेवते आणि मागे लोळण घेताना दोन्ही हात अंगापासून किंचित दूर ठेवून तळव्यांसह ‘तातामी’वर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जाड चटईवर, आपटते. नजर गाठीवर असली की डोके उचललेले राहते व जमिनीवर आदळत नाही, आणि हात आपटल्यामुळे पडण्याचा जोर एकाच जागी न बसता विभागला जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाला तोल, अंतर आणि स्वतःच्या शरीराची मांडणी यांची जाण यावी, यासाठी याहून साधा व नेमका व्यायाम सुचणे कठीण आहे.

पडण्याची भीती ओसरल्यावर मूल जोडीदारासह डाव शिकू लागते, आणि तेथेही एक दंडक सांभाळावा लागतो : ज्याने पाडले त्याने पडणाऱ्याची बाही सोडायची नाही, उलट ती वर ओढून धरायची, म्हणजे पडणारा कुशीवर अलगद उतरतो. डाव यशस्वी होत असतानाच प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी घ्यावी लागते, हा अनुभव मुलाला उपदेशातून नव्हे, हाताच्या पकडीतून मिळतो. ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत ‘कोदोकान’ ही संस्था सुरू केली. जुन्या ‘जुजुत्सू’ या लढाऊ विद्येतील घातक भाग त्यांनी मुक्त सरावातून बाजूला काढले आणि उरलेल्या विद्येला शिक्षणाचे रूप दिले. शक्तीचा सर्वोत्तम उपयोग आणि परस्परांच्या साहाय्याने होणारा उत्कर्ष ही त्यांची दोन सूत्रे होती, आणि बाहीचा दंडक पाहिला म्हणजे त्यांतील दुसरे सूत्र किती व्यावहारिक आहे, हे ध्यानात येते.

अशा शिक्षणाचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, यासंबंधी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास बराच उद्धृत केला जातो. त्यात बालवाडी ते पाचवीपर्यंतच्या मुलांपैकी काहींना तीन महिने तायक्वांदो व इतरांना नेहमीचे शारीरिक शिक्षण देण्यात आले, आणि पहिल्या गटात स्वनियमन, म्हणजे लक्ष, भावना व वर्तन यांना आवर घालण्याची क्षमता, अधिक वाढल्याचे आढळले. तथापि तेथे परंपरेतील शिस्त, आदर व आत्मपरीक्षण यांसह विद्या शिकवली होती. म्हणून तो निष्कर्ष कोणत्याही कराटे वा ज्युदो वर्गाला सरसकट लावणे योग्य ठरणार नाही.

सांघिक खेळांची जपानी व्यवस्था वेगळी आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली ‘स्पोर्ट्स शोनेनदान’ ही बालक्रीडा पथके प्रामुख्याने स्थानिक स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. फुटबॉल संघटनेने २०११ पासून १२ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत अकराऐवजी आठ खेळाडूंचा संघ ठरवला, कारण खेळाडू कमी असले की प्रत्येक मुलाच्या पायाशी चेंडू अधिक वेळा येतो आणि कोणाला पास द्यावा, कोठे धावावे, हे त्याला स्वतःच ठरवावे लागते. या वयोगटात पंच हिरवे कार्डही दाखवतात. ते शिक्षा नसून, जखमी प्रतिस्पर्ध्याची विचारपूस करण्यासारख्या वर्तनाची दाद असते.

या चित्राला एक काळी बाजूही आहे आणि ती टाळून जपानचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत जपानी शाळांमध्ये ज्युदोशी संबंधित अपघातांत शंभरांहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ते बहुतांशी माध्यमिक व उच्च माध्यमिक वयाचे होते आणि मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाने अनेकांचा बळी घेतला. २०१२ पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत पारंपरिक युद्धकला अनिवार्य झाल्या, तेव्हा ही आकडेवारी सार्वजनिक चर्चेचा विषय झाली. उकेमी पक्की नसलेल्या नवख्यावर जोरदार डाव टाकणे, हा या विद्येच्या मूळ शिक्षणक्रमाचाच भंग होता.

त्यानंतरचा महत्त्वाचा निर्णय मार्च २०२२ मधला. अखिल जपान ज्युदो महासंघाने पाचवी-सहावीच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. वजनगटात बसवण्यासाठी मुलांचे वजन उतरवणे, प्रशिक्षक व पालकांनी पंचांवर ओरडणे, जिंकण्याचाच ध्यास लावणे, हे प्रकार त्यामागे होते. एवढ्या लहान वयात राष्ट्रीय पदकासाठी डाव घोटून घेतले, तर मूल थोड्याच चालींत अडकते व पुढच्या वाढीची वाट रोखली जाते, ही महासंघाची भूमिका पूर्णपणे समर्थनीय आहे. स्पर्धेचे ध्येय गेल्याने मुलांचा उत्साह मावळेल, असा आक्षेप अनेकांनी घेतला, आणि तो वाद मिटलेला नाही. फुटबॉलची १२ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा मात्र भरतेच, त्यामुळे स्पर्धा कोणत्या वयापासून असावी, याचे उत्तर जपानमध्ये आजही खेळागणिक वेगळे मिळते.