जुन्या कथेचा नवा आरंभ

एखादी विज्ञानकथामाला पुष्कळ वर्षे चालली, म्हणजे तिच्या पोटी एक इतिहासच साठतो. कोण कोणाचा पुत्र, कोणते युद्ध केव्हा झाले, कोण कोठे मेला, हे सारे रसिकांना मुखोद्गत असते. नव्या लेखकाच्या पायांत मात्र त्याचीच बेडी पडते. मग तो कथा पुन्हा मुळापासून मांडू लागतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात, त्यावरून या खटाटोपास ‘रीबूट’ हे नाव पडले. प्रेक्षकाने इतकी वर्षे जपलेल्या इतिहासाचे मग काय करावयाचे?

एक मार्ग पाटी सरळ पुसण्याचा. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका १९७८ सालची. २००३ मध्ये ती नव्याने रचली, तेव्हा स्टारबक हा उमदा वैमानिक चक्क स्त्री झाला! मानवाचे वैरी जे सायलॉन, ते पूर्वी परक्या जीवांनी घडविलेले होते. आता ते मानवाचीच निर्मिती ठरले. जुने चाहते रागावले खरे. पण आपल्याच हातच्या शत्रूशी लढताना अपराध कोणाचा, हा प्रश्न त्या बदलामुळेच उभा राहिला. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो.

दुसरा मार्ग अधिक चतुर. ‘स्टार ट्रेक’ १९६६ ची. २००९ च्या चित्रपटात दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी जुने काही पुसले नाही. काळालाच फाटा फोडला. नीरो नावाचा सूडाने पेटलेला परग्रहवासी भविष्यातून भूतकाळात येतो. त्याच्या हल्ल्यात नायक कर्क याचा पिता मुलाच्या जन्मदिवशीच मरतो, आणि तेथून इतिहास निराळ्या वाटेने वाहू लागतो. (नीरोच्या जहाजाचे नाव ‘नारदा’. आपल्या कळलाव्या मुनींची कोणास आठवण झाली, तर नवल नाही.) जुन्या इतिहासाचा साक्षी म्हणून वृद्ध स्पॉक तेथे येतो, आणि ती भूमिका १९६६ च्याच लिओनार्ड निमॉय यांनी केली आहे. तुम्ही पाहिलेले सारे घडले होतेच, असे ते आश्वासन.

पण २०१३ चा पुढील चित्रपट पहा. १९८२ च्या चित्रपटात जहाज वाचविताना स्पॉक मरतो आणि काचेपलीकडून कर्क असहायपणे पाहतो. २०१३ मध्ये कर्क मरतो, स्पॉक पाहतो. पहिल्या प्रसंगामागे कित्येक वर्षांचा स्नेह होता. येथे मैत्री नुकती जुळलेली. डोळे ओलावतात ते जुन्या आठवणीच्या उसनवारीवर. शिवाय, स्पॉक परत येण्यास १९८४ चा चित्रपट यावा लागला होता. कर्क मात्र वैऱ्याच्या अद्भुत रक्ताने त्याच चित्रपटात उठून बसतो.