मीटरवरचा आकडा आणि तेलातले पाणी

चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत फोक्सवॅगनची पोलो बनत असे. तिचा २०१३ साली आलेला 'जीटी टीएसआय' हा प्रकार वेगाची हौस असणाऱ्यांना आजही हवासा वाटतो: इंजिन १.२ लिटरचे, पण टर्बोचार्जरमुळे ताकद १०५ अश्वशक्ती. जुनी गाडी घेणारा पहिल्यांदा विचारतो, "किती पळाली?"

आम्हाला हा प्रश्न अपुरा वाटतो. ११४ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळले की १६२ ग्रॅम पाणी तयार होते (मुलांना समीकरण फळ्यावर मांडू द्यावे). म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर पाणी! बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून तेलाकडे उतरते. इंजिन थंड असेल तर तिचे तिथेच पाणी होते. न जळलेले पेट्रोलही मिसळून तेल पातळ होते. आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो तो याच तेलाच्या थरावर.

नाशिक रस्त्याने तासभर पळणाऱ्या गाडीत (चाकणचा चौक ओलांडल्यावर!) तेल तापून हे पाणी उडून जाते. निगडीत घरापासून भाजीबाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीत ते साठत राहते. म्हणून लाखभर किलोमीटरला घाबरण्यापेक्षा तेल बदलल्याच्या पावत्या मागाव्यात. कमी पळणाऱ्या गाडीचे तेलही वर्षाला बदलावेच.