एक्स्क्यूज मी, जरा मॅनेजरना बोलवता?

जेवण बिघडलेलं असतं, आपल्याला ते कळलेलंही असतं. तरी वेटरने 'एव्हरीथिंग ओके, मॅम?' असं विचारलं की आपण गोड हसतो आणि मान डोलावतो. असं का होतं? आणि या गोड हसण्याचं बिल शेवटी कोण भरतं?

गेल्या जूनमधली गोष्ट. आई-बाबांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस. दोघं रात्रभर ट्रॅव्हल्सचे धक्के खात मालवणहून पुण्याला आले होते. आणि योगायोग बघा, तीन महिने रखडलेलं माझं एक पेमेंट (फ्रीलान्सर मंडळींना हे दुःख वेगळं सांगायला नको!) त्याच आठवड्यात खात्यात जमा झालं होतं. म्हटलं, आज कुकरची शिट्टी नाही. आज पार्टी माझ्याकडून!

बाणेरमधलं एक झकपक कोस्टल रेस्टॉरंट गाठलं. मंद दिवे, उंच ग्लासातली सोलकढी, मेन्यूवर बांगड्याचं इंग्लिश नाव. बाबांनी सवयीप्रमाणे मेन्यूची उजवी बाजू आधी वाचली आणि भुवया वर केल्या. "बाबा, आज उजवीकडे बघायचं नाही," असं म्हणून मी मेन्यू काढून घेतला आणि सुरमई तवा फ्राय मागवली.

पहिल्याच घासाला काहीतरी खटकलं. वास असा येत नव्हता, मसाला दणकून होता. पण तुकडी पिठूळ लागत होती आणि जीभ किंचित चरचरली. मी हळूच आईकडे पाहिलं. ती शांतपणे जेवत होती. म्हटलं, मालवणची बाई गप्प आहे म्हणजे सगळं ठीक असणार. आपलीच जीभ पुण्यात राहून बिघडली असेल!

तेवढ्यात वेटर आला. "हाऊ इज द फूड, मॅम?"

"व्हेरी नाइस!" हे मीच म्हणाले बरं का. वर अख्खी तुकडी संपवायला नको म्हणून पोट भरल्याचं नाटकही केलं. बिल आलं ३,८४० रुपये. कोड स्कॅन केला, टिप ठेवली, फोटो काढले आणि आम्ही निघालो.

घरी पोचेपर्यंत आईचा चेहरा लालबुंद. मानेवर, छातीवर गांधी उठलेल्या, डोकं ठणकत होतं. रात्री दहाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मासे खाल्ले का?"

त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. सुरमई, बांगडा, कुपा या जातीचे मासे पकडल्यानंतर नीट थंड ठेवले नाहीत, तर जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. एकदा ते तयार झालं की मासा कितीही तळा, शिजवा, पुन्हा फ्रीझरमध्ये टाका, ते जात नाही. चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी, मळमळ ही त्याची लक्षणं. बहुतेकांना अ‍ॅलर्जीच्या गोळीने आराम पडतो, पण दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना ते जड जाऊ शकतं. मी एक-दोन घास खाल्ले होते म्हणून वाचले. आईने मात्र तुकडी संपवली होती. बाबांनी चिकन मागवलं होतं, ते ठणठणीत!

बाजारातली आई, हॉटेलातली आई

सकाळी आईला बरं वाटल्यावर मी विचारलं, "तुला कळलं नव्हतं?"

"माका पयल्याच घासाक कळलेला," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"जावंदे गो. तू इतक्या हौसेन आमका घेवन इलंस..."

इथे मी सपाट झाले. कारण ही तीच बाई, जी मालवणच्या बाजारात माशाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावत नाही. कल्ले लालभडक हवेत, डोळा फुगीर हवा, बोटाने दाबल्यावर मांस वर यायला हवं. यातलं एक जरी कमी असलं, तर कोळणीला तोंडावर सांगते, "ह्यो कालचो." कोळीणही कमी नसते, तीही चार शब्द सुनावते. आणि दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा एकमेकींसमोर उभ्या! वर आईला हेही पक्कं ठाऊक की आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. म्हणजे जूनच्या मध्यावर पुण्यात ताटात आलेली सुरमई बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त. बर्फातला मासा वाईटच असतो असं नाही, पण तो नीट सांभाळावा लागतो.

एवढं ज्ञान असलेली बाई एसीत, कापडी नॅपकिनसमोर, 'मॅम' म्हणणाऱ्या पोराला एक वाक्य बोलू शकली नाही. तिला वाटलं, बोललं तर लेकीचा विरस होईल. मला वाटलं, बोललं तर आई-बाबांची संध्याकाळ खराब होईल. दोघी एकमेकींसाठी गप्प बसलो आणि दोघींनी मिळून खराब मासा खाल्ला. याला काय म्हणायचं, सांगा!

तसं पाहिलं तर आपण सगळेच या शाळेतले. अन्नाला नावं ठेवू नयेत, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. घरात करपलेली पोळी आई स्वतःच्या ताटात घेते, हे रोज पाहिलेलं. घरच्या अन्नाच्या बाबतीत ते बरोबरच आहे, कारण त्यामागे कुणाचे तरी राबणारे हात असतात. पण आपण तीच माया पैसे मोजून विकत घेतलेल्या प्लेटलाही लावतो. त्यात ऑफिसची मंडळी सोबत असली की वेगळंच टेन्शन. बॉस काय म्हणेल, डेटवरची व्यक्ती आपल्याला कटकटी समजेल का, वेटरच्या पगारातून पैसे कापतील का आणि सगळ्यात फेमस भीती म्हणजे, परत पाठवलेल्या डिशचं आत काय करतील!

'त्याच वेळी सांगितलं असतंत तर...'

रात्री एक वाजता मी काय केलं असेल? अर्थातच मोबाइल काढला आणि एक स्टार देऊन सणसणीत रिव्ह्यू लिहिला. सकाळी खाली उत्तर हजर. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत, कृपया संपर्क करा, वगैरे. चिकटवलेलं उत्तर, पण मी खरंच फोन केला.

मॅनेजर आधी सावध होते. "आमचा मासा रोज येतो, मॅम..." मी आवाज न चढवता बिल नंबर, टेबल आणि वेळ सांगितली. आई दवाखान्यात जाऊन आली हेही सांगितलं. त्यांनी चौकशी करून परत फोन करतो म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता कसला येतोय फोन! पण आला.

"रात्री दहाला दुसऱ्या एका टेबलने हीच तक्रार केली होती. तेव्हा शेफने तो ट्रे फेकून दिला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुम्ही त्याच वेळी सांगितलं असतंत ना मॅम, तर साडेआठलाच फेकला असता."

साडेआठ ते दहा. दीड तास. शुक्रवारची रात्र, हॉटेल फुल. त्या दीड तासात अजून किती प्लेट्स गेल्या, हे मी विचारलं. पलीकडून उत्तर आलं नाही.

त्यांनी पैसे परत करायची तयारी दाखवली, मी तुकडीचे पैसे घेतलेही. चूक त्यांची होती यात शंकाच नाही, मासा सांभाळायची जबाबदारी त्यांचीच. पण तो दीड तास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. माझं 'व्हेरी नाइस' शेजारच्या टेबलवर वाढलं गेलं होतं. (हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाहीये. उद्या दुसरं कुठलंही असू शकतं.)

नावडलं, चुकलं की बिघडलं?

त्यानंतर मी माझ्यापुरता एक सोपा फंडा ठरवला आहे. तोंड उघडण्याआधी स्वतःला विचारायचं, हे नावडलं आहे, चुकलं आहे की बिघडलं आहे?

नावडलं असेल तर गप्प राहायचं. मिसळ जास्त तिखट लागली, पास्त्यात चीज जास्त वाटलं, आपल्या आजीची आमटी यापेक्षा भारी होती... ही आपली आवड. त्यासाठी कुणाला परत स्वयंपाक करायला लावणं बरोबर नाही.

चुकलं असेल तर सांगायचं. सूप गार आलं, चिकन आतून कच्चं आहे, व्हेजऐवजी नॉनव्हेज आलं, मेन्यूत लिहिलेलं काही प्लेटमध्येच नाही. हे मागितलेलं आणि दिलेलं यातलं अंतर आहे. ते बदलून मागणं हा आगाऊपणा नाही.

आणि बिघडलं असेल तर तिथल्या तिथे सांगायचंच. आंबलेली चटणी, वास मारणारं पनीर, जीभ चरचरवणारा मासा. इथे संकोचाला सुट्टी! कारण त्याच भांड्यातलं पुढच्या टेबलवर जाणार असतं.

बोलायचं कसं, बॉस?

हॉटेल लाइनमध्ये काम करणाऱ्या एका मित्राला मी पिडून पिडून विचारलं. त्याने सांगितलेल्या गोष्टी सॉलिड कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, दोन-तीन घासांत सांगा. प्लेट चाटून पुसून झाल्यावरची तक्रार कुणालाच खरी वाटत नाही. दुसरी, वेटरवर डाफरू नका. त्याने फक्त प्लेट आणली आहे आणि बिलातून डिश काढण्याचे अधिकार बहुतेक ठिकाणी त्याला नसतातच. ते कॅप्टन किंवा मॅनेजरकडे असतात. म्हणून "जरा मॅनेजरना बोलवता?" हे वाक्य शांतपणे म्हणायचं आणि मॅनेजर आले की "यांची काही चूक नाही" हे पहिल्यांदा सांगायचं. तिसरी, नेमकं बोला. 'बेकार आहे' याचा किचनला काहीच उपयोग नाही. 'मासा पिठूळ लागतोय, जिभेला चरचरतंय' याचा आहे. चौथी, आपल्याला काय हवंय ते आधी ठरवा. बदलून हवंय, दुसरी डिश हवीय की बिलातून काढायचंय?

आणि ती थुंकायची भीती? मित्र हसला. "गर्दीच्या वेळी किचनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, सूड कोण उगवणार?" तरी मन धजत नसेल, तर बदली डिश मागू नका. डिश बिलातून काढायला सांगा आणि उठा. विषय संपला.

एवढं करूनही ऐकलं नाही तर?

बिल आणि प्लेटचा फोटो जपून ठेवा. हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. तक्रार करताना तोच नंबर कामाला येतो. अन्न बिघडलेलं असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे म्हणजे एफडीएकडे जाता येतं. पैशांचा किंवा सेवेचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. त्यापुढे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. सर्व्हिस चार्जचंही लक्षात ठेवा. तो बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं.

अर्थात, गार सूपसाठी कुणी आयोगात जात नाही आणि जाऊही नये. नव्वद टक्के काम टेबलवरच होतं, फक्त तोंड उघडायला हवं.

आणि मग दिवाळीत...

दिवाळीनंतर आई-बाबा पुन्हा आले. या वेळी झकपक काही नाही, कोथरूडमधली साधी मालवणी खानावळ. सोलकढी आली. आईने वाटी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही.

"बाळा, जरा इकडे ये," तिने वाढणाऱ्या मुलाला हाक मारली. "ही सकाळची आहे. नारळाचं दूध फुटलंय बघ. तू स्वतः वास घे."

मुलाने घेतला. मान हलवली, आमच्या तिन्ही वाट्या उचलल्या आणि आत गेला. दोन मिनिटांनी मालक स्वतः बाहेर आले. "सॉरी ताई. सगळी काढून टाकली. ताजी करायला दहा मिनिटं लागतील, चालेल?"

"चालेल," आई म्हणाली. हे 'चालेल' मात्र अगदी खरं होतं.

शेजारच्या टेबलवर एक तरुण जोडपं नुकतंच येऊन बसलं होतं. त्यांना या सगळ्याचा पत्ताही नव्हता. दहा मिनिटांनी त्यांच्याही ताटात ताजी, गुलाबी सोलकढी आली.

बाबा मात्र माझ्या कानाशी पुटपुटले, "आता ही दर घासाला बोलणार, बघ तू!"