सांगणारी आई, लिहिणारा दुसराच

आम्ही शाळेत असताना मोहल्ल्यातल्या एखाद्या खालांचे बोलावणे यायचे, "बेटा, कागद-पेन घेऊन ये." त्यांचा मुलगा कुवेतला किंवा सौदीला असायचा. खाला सांगायच्या, आम्ही लिहायचो. सलाम, खैरियत, फुटलेली कौले, बकरीला झालेली पिल्ले. मध्येच त्या गप्प व्हायच्या आणि म्हणायच्या, "राहू दे, हे नको लिहूस." पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहायचे तर मनातले सगळे सांगता येत नाही, हे तेव्हाच कळले.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामीत राहिलेल्या कुटुंबांची काही जुनी पत्रे वाचताना त्या खाला आठवल्या. आमच्या खालांना कोणी शिकवले नव्हते. तिथे मात्र शिकवण्यालाच बंदी होती. जॉर्जिया राज्याने १८२९ मध्ये गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे गुन्हा ठरवले. त्यामुळे मनातले कागदावर आणायला अनेकदा दुसऱ्याचाच हात लागे.

व्हर्जिनियातील अॅबिंग्डन गावच्या हॅना व्हॅलेंटाइन घ्या. त्यांचे मालक डेव्हिड कॅम्पबेल १८३७ मध्ये राज्याचे गव्हर्नर झाले आणि काही नोकरांना घेऊन रिचमंडला गेले. त्यांत हॅनांचे पतीही होते. हॅना घर सांभाळायला मागे राहिल्या. त्यांनी पाठवलेल्या पत्रांत घरची कामे आहेत, आजारपण आहे, मुलाबाळांची खुशाली आहे. कोणत्याही घरातले वाटावे असेच हे पत्र. पण नवरा-बायकोने एकत्र राहायचे की नाही, हे ठरवणारा तिसराच होता.

दुसरे पत्र व्हायलेट लेस्टर यांचे, २९ ऑगस्ट १८५७ चे, जॉर्जियाच्या बुलॉक परगण्यातून आलेले. ते नॉर्थ कॅरोलायनातील जुन्या मालकांच्या घरातील मुलीला लिहिले आहे. आपण कुठे कुठे विकलो गेलो, कोणाकडे किती दिवस राहिलो, हे त्या प्रवासवर्णनासारखे शांतपणे सांगतात. मालकाबद्दल तक्रारीचा शब्द नाही. मग हळूच विचारतात, माझ्या लहान मुलीचे काय झाले? तिला त्या गोल्ड्सबरोला सोडून आल्या होत्या. आताचे मालक तिला विकत घ्यायला तयार आहेत, असेही कळवतात. आपलीच लेक भेटावी म्हणून आईला तिची किंमत विचारावी लागते! एवढे अदबीने लिहिलेले पत्र आम्ही एका बैठकीत पुरे करू शकलो नाही.

तिसरे पत्र गुलामी संपल्यानंतरचे, ऑगस्ट १८६५ चे. टेनेसीहून ओहायोला गेलेल्या जॉर्डन अँडरसन यांना जुन्या मालकाने परत कामावर बोलावले होते. जॉर्डन यांनीही उत्तर सांगून लिहून घेतले. पण या वेळी "हे नको लिहूस" म्हणायची गरज नव्हती. आपल्या ३२ वर्षांच्या आणि पत्नीच्या २० वर्षांच्या कामाचा हिशोब त्यांनी मांडला : ११,६८० डॉलर, आधी एवढे द्या. आमच्या मुली तिथे सुरक्षित राहतील का, हेही विचारले. आणि शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत भावला तो त्यांचा आणखी एक प्रश्न : तुमच्या भागात काळ्या मुलांसाठी शाळा आहे का? इथे आमची मुले शाळेत जातात.

आपल्याही घरात, पेटीच्या तळाशी, अशी पत्रे असतील. ती रद्दीत घालू नका. दादी-नानी हयात असतील तर एखाद्या संध्याकाळी मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि ती मोठ्याने वाचायला सांगा. पत्र कोणी लिहून दिले होते, ते विचारा. मग हेही विचारा, की त्या दिवशी काय लिहायचे राहून गेले. आता लिहून घ्यायला घरचीच नात आहे.