कँडिडाची तपासणी आणि डबा-गोळ्यांचा खर्च



प्लॉट पाहणीस गेले म्हणजे लागणीचे, खताचे, पाण्याचे प्रश्न निघतातच. अलीकडे त्यात एक वेगळाच प्रश्न येऊ लागला आहे. कोणी मोबाईल दाखवतो, कोणी लॅबचा छापील रिपोर्ट पुढे करतो आणि विचारतो, "साहेब, पोटात बुरशी वाढलीय म्हणतात. कँडिडा का काय. औषधाचा डबा घ्यावा का?" उपचार सांगणे हे ऊस विकास खात्याचे काम नव्हे. पण बुरशी आणि नमुना तपासणी हे दोन्ही आमचे रोजचेच विषय आहेत, म्हणून रिपोर्ट कसा वाचावा एवढे येथे मांडतो. हा मजकूर कारखान्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी तपासून दिला आहे.

कँडिडा हे एक प्रकारचे यीस्ट. डिस्टिलरीत मळी आंबवून अल्कोहोल तयार करणारे तेही यीस्टच, पण त्याची जात निराळी. माणसात बहुधा आढळते ते कँडिडा अल्बिकन्स. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, स्त्रियांच्या योनिमार्गात ते थोडेफार असतेच. आजूबाजूचे जिवाणू आणि अंगातली प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरतात. ही घडी बिघडली की ते माजते. घडी बिघडण्याची कारणेही ठरलेली आहेत: मधुमेह, गरोदरपण, अँटिबायोटिक गोळ्यांचा मारा, स्टिरॉइडची औषधे, सतत ओलसर राहणारी कातडी.

माजले म्हणजे दिसते कसे? तान्ह्या बाळाच्या किंवा कवळी लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर धरतात. बायकांना अंगावरून पांढरे जाऊन खाज सुटते, आग होते. जांघेत, स्तनांखाली लाल ओले चट्टे उठतात. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या बायाबापड्यांची नखाकडची कातडी सुजून नखुरडे होते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यातही काही वेळा हेच यीस्ट असते. ही सारी खरी दुखणी आहेत आणि त्यांवर खरी औषधे आहेत. याउलट थकवा, पोट फुगणे, डोके जड होणे, गोड खावेसे वाटणे अशी यादी करून "ही तुमच्या आतड्यातली कँडिडा" असे जे सांगतात, तिथे सावध व्हावे.

ही कल्पना आली अमेरिकेतून. १९८३ साली तेथील विल्यम क्रूक या डॉक्टरांच्या पुस्तकाने तिचा फार गाजावाजा झाला. पुढे अलाबामा विद्यापीठातील डॉक्टरांनी ती कसाला लावली. अशा तक्रारी असलेल्या ४२ स्त्रियांना आळीपाळीने कँडिडा मारणारे निस्टॅटिन हे औषध आणि हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. केव्हा काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, डॉक्टरलाही नाही. निकाल १९९० साली छापून आला. योनिमार्गाची तक्रार औषधाने कमी झाली, पण थकवा वगैरे अंगभरच्या तक्रारींत औषध आणि नुसती गोळी यांत फरक दिसला नाही. आपणही प्लॉटमध्ये खत दिलेली सरी आणि न दिलेली सरी शेजारी ठेवूनच खताची परीक्षा करतो. दोन्हीकडे ऊस सारखाच आला तर त्या खताला कोण पैसे देईल?

(निस्टॅटिनचा जन्म शेतातला आहे हे जाता जाता सांगतो. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघी संशोधक स्त्रियांनी व्हर्जिनियातील एका दुभत्याच्या फार्मवरच्या मातीतील जिवाणूंपासून ते काढले.)

आता तपासण्यांकडे वळू. माती परीक्षणाचा नमुना बांधावरून किंवा शेणखताच्या ढिगाखालून घेऊ नये, हे आपण दरवर्षी सांगतो. तेथला नमुना खोटा नसतो, पण तो तुमच्या रानाविषयी काही सांगत नाही. शौचाच्या तपासणीत "कँडिडा आढळले" असे आले तर त्याचे तसेच समजावे. निरोगी माणसाच्या शौचातही ते निघते, आणि डबी उन्हातान्हात उशिरा पोचली तर वाटेतच त्याची वाढ होते. रक्तातील कँडिडाविरोधी प्रतिद्रव्ये मोजणारी महागडी तपासणीही याच जातीची. यीस्टशी आयुष्यभर संबंध आल्यामुळे ती चांगल्या धडधाकट माणसातही असतात. सकाळी उठल्याबरोबर पाण्याच्या ग्लासात थुंकून तार खाली लोंबते का ते बघायचे, अशी एक घरगुती परीक्षा मोबाईलवर फिरते. थुंकीत चिकट द्रव्य असते म्हणून तार लोंबते, त्याचा कँडिडाशी काही संबंध नाही.

उपयोगी तपासणी ती, जी दुखणे असेल तेथूनच नमुना घेते. चट्ट्याची खरवड किंवा योनिमार्गातील स्राव काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. आपल्या ओळखीच्या पोटॅशचाच हा एक भाऊबंद. त्याने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे, यीस्टचे कोंब सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात. काम काही मिनिटांचे आणि खर्च बेताचा. दुखणे वारंवार उलटत असेल तर नमुन्याची वाढ करून जात ओळखतात, कारण कँडिडाच्या काही जातींना नेहमीची औषधे दाद देत नाहीत. रक्तात कँडिडा उतरणे हे मात्र अगदी वेगळे आणि जिवावरचे प्रकरण आहे. ते बहुतेक अतिदक्षता विभागातील रुग्णांत होते. घरी हिंडत्याफिरत्या माणसाने त्याची धास्ती घेऊन तपासण्या करू नयेत.

काचेवरची ही तपासणी आणखी एका कारणाने मोलाची आहे. ऊसतोडीच्या टोळीत जांघेला, कमरेला जे गजकर्ण होते ते बहुधा कँडिडा नसते, ती दुसरी बुरशी असते. निस्टॅटिन कँडिडावर चालते, गजकर्णावर नाही. दुकानातून आणलेल्या तीन औषधांच्या मिश्र मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी आतून पसरत राहते. काणीचा फोकारा वरून छाटला आणि बेट तसेच ठेवले, असा तो प्रकार.

ज्या तपासणीला सर्वांत आधी पैसे घालावेत तिच्या नावात कँडिडा हा शब्दच नाही. ती म्हणजे रक्तातील साखर. खाज, पांढरे जाणे, जांघेतले चट्टे पुन्हा पुन्हा होत असतील तर उपाशीपोटीची साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा अधिक आले तर मधुमेहाचा विचार होतो. आमच्या एका गटातील सभासदाच्या पत्नीने लाजेपायी दीड वर्ष हे दुखणे अंगावर काढले. शहरातून आलेल्या एका विक्रेत्याने कँडिडाचे डबे घरी दिले, त्यात बैलाच्या औषधपाण्याचे पैसेही गेले. शेवटी गावात आरोग्य शिबिर झाले तेव्हा साखर तीनशेच्या पुढे निघाली. मधुमेहाचे औषध सुरू झाले, साध्या गोळीने खाज गेली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील माणसाची साखर मोफत तपासली जाते. घरातील स्त्रियांना बरोबर घेऊन जावे. त्या आपण होऊन बोलत नाहीत.

मधुमेहाच्या ज्या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन, त्यांनीही तेथे कँडिडाची खाज होते. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

मग साखर खाणेच बंद करावे का? प्रश्न आपल्या घरचा आहे, तेव्हा उत्तर सरळच द्यावे. १९९९ साली जर्मनीत २८ निरोगी माणसांना साखरेसारखे पदार्थ जादा खायला घालून पाहिले, तेव्हा आतड्यातील कँडिडात फारसा फरक पडला नाही. मधुमेहींनी साखर टाळावीच. इतरांनीही बेताने खावी, पण त्याची कारणे वेगळी आहेत. उसाचा पैसा घेणारा मी, म्हणून साखरेची बाजू घेतो असे कोणी समजू नये.

राहिले डबे. त्यांत लसूण अर्क, ओव्याच्या वासाचे ओरेगॅनो तेल, नारळापासून काढलेले कॅप्रिलिक आम्ल अशी द्रव्ये असतात. काचेच्या बशीत ती यीस्ट मारतात हे खरे. पण बशीत मारणारे द्रव्य माणसाच्या आतड्यात तेवढ्या प्रमाणात पोचून दुखणे बरे करते, याला भरवशाचा पुरावा नाही. काही डब्यांत सॅकरोमायसिस बौलार्डी हे यीस्टच असते, आपल्या डिस्टिलरीतल्या यीस्टचे सख्खे नातलग. अँटिबायोटिकने लागलेल्या जुलाबावर डॉक्टर ते देतात. परंतु शिरेत नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या रक्तात तेच शिरून ताप आणल्याची उदाहरणे आहेत.

बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतले तर रक्ताच्या तपासण्याच चुकतात. थायरॉइडचे आकडे खोटे येतात आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ती ट्रोपोनिनची तपासणी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ साली तसा इशारा दिला. सबब रक्त देण्यापूर्वी घरात चालू असलेला प्रत्येक डबा लॅबवाल्यास दाखवावा.

फ्लुकोनॅझोल ही कँडिडावरची खरी आणि स्वस्त गोळी. तीही दुकानातून मनाने आणू नये. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीबरोबर ती घेतल्यास साखर एकाएकी खाली जाते, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा जोर वाढतो, आणि गरोदर बाईने तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. दवाखान्यात जाताना चालू औषधांची पाकिटे, डबे व मलमाच्या नळ्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. नळी रिकामी झाली असली तरी टाकू नये, तिच्यावरील नाव डॉक्टरांना लागते.

— ऊस विकास अधिकारी